पाणीपाळी

पुलाच्या अलीकडे शर्वरीनं गाडी थांबवली.
एकाच गाडीचा पूल. समोरच्या पाच येऊ द्यायच्या,
मग आपण. इथली रीत, म्हणाली.
मला आवडली. मीही नोकरीभर तेच केलं,
याला सोड, त्याला थांबव.

खाली दरी. तोंड समुद्राकडे, पाठीला ओला कडा,
मध्ये चौकोन, पाण्यानं भरलेले,
आणि त्यांत अळू.
मोरीच्या सांडपाण्यावर माजतं तसं नव्हे.
ओळीत. मोजून. भातासारखं.

मोकिहानाबाई गुडघाभर चिखलात.
सत्तरी उलटलेली, डोक्यावर नातवाची बेसबॉलची टोपी.
हात पुसून पुढे केला, तरी चिखल माझ्याकडे आलाच.
आम्ही पान खातो, मी म्हणालो, बेसन लावून, गुंडाळून.
आम्ही सगळंच खातो, त्या म्हणाल्या. पान, देठ, गड्डा.
शेंडा तेवढा परत मातीला.
घसा खाजतो?
कच्चं राहिलं तर. तुम्ही काय करता?
चिंचेला इंग्रजीत काय म्हणतात, मला आठवेना.
शर्वरीलाही.

पाय आपोआप पाटाच्या वरच्या अंगाला वळले.
खात्याची सवय.
दगडांचा बांध, सिमेंट नाही. एक फळी.
फटीत कोंबलेली ओली गोणी.

ती गोणी पाहिली
आणि साक्रीकडचा फड डोळ्यांपुढे आला.
असाच पाट, अशीच गोणी,
आणि ती कोंबणारे भिलाजी पाटकरीचे हात.

'हे पाणी मध्ये नव्हतं,' बाई मागून म्हणाल्या.
'उसाच्या कंपनीनं वर बोगदे खणले,
डोंगराला वळसा घालून नेलं.
आईच्या लहानपणापासून ओढ्यात नुसते धोंडे.
आम्ही कोर्टात गेलो. आई गेली. मी म्हातारी झाले.
मग ऊस गेला.'
पाणी कधी आलं ते त्यांनी वारासकट सांगितलं.
मंगळवार, सकाळी. आधी पालापाचोळा आला,
मग एक चप्पल,
मग पाणी.

ऊस म्हटल्यावर मला पुढचं सांगायची गरज नव्हती.
सांगायची गरज मला होती.

शहाऐंशी साल. वरचं धरण पुरं झालेलं.
'जुना पाट वापरात नाही' असा कागद टेबलावर आला.
वापरात होता.
त्याच आठवड्यात मी त्यात पाय धुतले होते.
सही माझी. निळी शाई, खाली शिक्का.
भिलाजी ऑफिसात आला, खांद्यावर फावडं तसंच.
बोलला काही नाही. फावडं भिंतीला टेकवलं
आणि न घेताच गेला.
पुढे शिपायानं ते साहेबांच्या बागेसाठी नेलं.

हे सगळं इंग्रजीत सांगायला गेलो.
'आय साइन्ड' एवढंच जमलं.

मोकिहानाबाईंनी मला समजावलं नाही,
माफ वगैरे तर नाहीच.
घड्याळ पाहिलं. म्हणाल्या,
आता पलीकडच्या खाचराची पाळी. काढा ती गोणी.
मी बुटांसकट उतरलो.
गोणी जड होती. सुटली तेव्हा पाणी क्षणभर थबकलं,
मग गेलं.
पानांवर थेंब हलले. आमच्या भाषेत त्यांच्यावरून
एक म्हण आहे, न टिकणाऱ्या गोष्टींसाठी.
ती मी त्यांना सांगितली नाही.

निघताना त्यांनी दोन शेंडे दिले, वर्तमानपत्रात बांधून.
विमानतळावर नेऊ देणार नाहीत, शर्वरी म्हणाली.
म्हणून ते तिच्या बाल्कनीत आहेत, प्लॅस्टिकच्या बादलीत.
पाणी कधी बदलायचं
ते कागदावर लिहून फ्रिजला लावून आलोय,
वारासकट.
खाली सही केलेली नाही.